८० कॉलमांची गोष्ट

सिम्युलेशनवाल्या मंडळींना एक गंमत माहीत असते. विमानाचा पंख किती वाकेल, गाडीचं दार किती वेळा आपटलं की तडा जाईल, हे सांगणारं गणित संगणक करतो, आणि बहुतेकदा रात्रीत करून टाकतो. माणसाचे दिवस जातात ते त्याच्या आधी. डिझाइनवाल्याने पाठवलेली फाईल उघडायची, त्यातलं काय वाटेत हरवलंय ते शोधायचं, फटी बुजवायच्या, आणि मग कुठे मेश करायला घ्यायची. २००५ साली टॉम ह्यूज, कॉट्रेल आणि बाझिलेव्ह्स या तिघांनी आयसोजिओमेट्रिक अ‍ॅनालिसिसवर एक पेपर लिहिला. त्यातला अंदाज असा होता की मोटार, विमान आणि जहाज उद्योगात विश्लेषणाच्या एकूण वेळापैकी सुमारे ८० टक्के वेळ मेश तयार करण्यातच जातो. पेपर गाजला तो त्यातल्या नव्या गणितामुळे, पण पुण्यातल्या इंजिनियरिंग सर्व्हिसेसच्या कंपन्यांत मेकॅनिकलची पदवी घेऊन चिकटलेल्या पोरापोरींना हे ८० टक्के वेगळे सांगायची गरज नाही. त्यांची पहिली दोन-तीन वर्षं त्यातच जातात.

मी सॉफ्टवेअरवाला. माझा या प्रकाराशी संबंध आला तो उलट्या बाजूने, म्हणजे या फाईली वाचणारा कोड लिहिताना. असा कोड लिहायचा तर फॉरमॅटचं स्पेसिफिकेशन वाचावं लागतं, आणि स्पेसिफिकेशनं वाचायला महा कंटाळवाणी असतात. पण त्यातला एखादा नियम इतका विचित्र असतो की आपण थांबतो. हा असा का? कोणाच्या डोक्यातून आला? आणि मग शनिवार-रविवार त्यात जातो.

तर आता बघा. नॅस्ट्रानच्या फाईलमध्ये पोलादाची घनता अशी लिहिलेली सापडते: ७.८५-९. कुठल्याही सरळमार्गी प्रोग्रामला हे वजाबाकीचं गणित वाटेल. तसं ते नाहीये. ते आहे ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. मधला 'ई' खाऊन टाकलाय. का, तर एक कॉलम वाचावा म्हणून!

हा एक कॉलम इतका महाग का होता ते कळायला १९६४ मध्ये जावं लागतं. चंद्रावर जायची घाई चालली होती. त्या वर्षीच्या आढाव्यात नासाच्या लक्षात आलं की आपली वेगवेगळी केंद्रं आपापल्यापुरते स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसचे प्रोग्राम लिहीत बसली आहेत. कुणाचं कुणाला उपयोगी नाही. मग एक समिती नेमली गेली, तिने बाजारात काय मिळतं ते पाहिलं, काहीच पुरेसं नाही असं ठरवलं आणि सगळ्यांसाठी एकच प्रोग्राम लिहायची शिफारस केली. (समितीने अशी शिफारस केली आणि तरीही शेवटी चांगली वस्तू तयार झाली, हे दुर्मीळ उदाहरण.) गोडार्ड केंद्रातले थॉमस बटलर या कामाचे प्रमुख होते. कंत्राट कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनला मिळालं आणि त्यात मॅकनील-श्वेन्डलर ही छोटीशी कंपनीही होती. १९६८ मध्ये नासाच्या केंद्रांना प्रोग्राम मिळाला, १९७१ मध्ये तो जनतेसाठी खुला झाला.

माहिती द्यायची ती पंच कार्डवर. कार्डाला ८० कॉलम. नॅस्ट्रानवाल्यांनी त्याचे ८-८ कॉलमांचे दहा रकाने पाडले. पहिल्या रकान्यात कार्डाचं नाव, मधल्या आठात माहिती, दहावा पुढच्या कार्डाशी जोडून घ्यायला. बिंदू सांगायचा असेल तर 'ग्रिड' कार्ड: बिंदूचा क्रमांक, कोणती निर्देशांक पद्धत, मग एक्स, वाय, झेड. प्रत्येक आकड्याला ८ खाने. त्यात ऋण चिन्ह आणि दशांश चिन्हही आलं. म्हणजे मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्याला -१२३४५.६ इथपर्यंतच जाता येतं. साधारण साडेबारा मीटर लांबीवर आलात की दशांशानंतर एकच घर उरतं. मोठ्या विमानासाठी हे अपुरं, म्हणून नावापुढे चांदणी टाकून १६ कॉलमांचे रकाने वापरायची सोय केलीये. दशांश चिन्ह मात्र विसरायचं नाही. ५ म्हणजे पूर्णांक, ५. म्हणजे वास्तव संख्या. जिथे दुसरी हवी तिथे पहिली लिहिली की सॉल्व्हर तिथेच नकार देतो.

हे सगळं १९६० च्या दशकात शहाणपणाचंच होतं. मौज पुढे आहे. हा फॉरमॅट देवाणघेवाणीसाठी कुणी बनवलेलाच नव्हता. एका प्रोग्रामला माहिती भरवायची पद्धत, बस. पण पैसा सरकारचा होता, त्यामुळे कार्डाच्या प्रत्येक रकान्यात काय लिहायचं हे कुणालाही वाचायला मिळत होतं. मग ज्याला मेश बनवणारा प्रोग्राम विकायचा होता त्याने नॅस्ट्रानची कार्डं लिहायची सोय केली, ज्याला दुसरा सॉल्व्हर विकायचा होता त्याने ती वाचायची केली. पंच कार्डं गेली, कार्ड वाचणारी यंत्रं भंगारात गेली, मॉनिटर आले, ८-८ कॉलमांचे रकाने मात्र राहिले. आज मेश बनवणारं बहुतेक कुठलंही मोठं सॉफ्टवेअर उघडा, एक्स्पोर्टच्या यादीत नॅस्ट्रान असतंच.

आणि या फॉरमॅटला किती किंमत होती ते पुढे सरकारी कागदपत्रांतच आलं. मॅकनील-श्वेन्डलर म्हणजे एमएससीने नॅस्ट्रानची आपली आवृत्ती काढून चांगलाच जम बसवला होता. १९९९ मध्ये त्यांनी युएआय आणि सीएसएआर या दोन छोट्या कंपन्या विकत घेतल्या. दोघींचा धंदा एकच, नॅस्ट्रानच्या आपापल्या आवृत्त्या विकायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये यावर तक्रार दाखल केली. वरवर पाहता बाजारात दुसरे सॉल्व्हर होतेच की! पण ज्या कंपनीकडे वीस-तीस वर्षांची मॉडेलं नॅस्ट्रानच्या कार्डांत पडली आहेत तिच्यासाठी खरा पर्याय म्हणजे तीच कार्डं वाचणारा दुसरा नॅस्ट्रान. ते दोन्ही पर्याय एकाच खिशात गेले होते. २००२ मध्ये तडजोड झाली आणि एमएससीला आपल्या नॅस्ट्रानचा सोर्स कोड दुसऱ्याला देणं भाग पडलं. २००३ मध्ये तो गेला ईडीएसकडे, तिथून युजीएस, आणि २००७ पासून सीमेन्स. म्हणजे आज दोन मोठ्या कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करताना जो कोड विकतात त्याचं मूळ एकच आहे.

असो. नॅस्ट्रानच्या फाईलमध्ये काय नाही तेही सांगायला हवं. त्यात आकार नाही. बिंदू आहेत आणि कोणता बिंदू कोणाला जोडलाय ते आहे. इथे एक भोक होतं, त्याची त्रिज्या ६ मिलिमीटर, हे तिथे नाही. तिथे भोकाभोवती बसलेले बारा-सोळा बिंदू आहेत. आणि एकक नाही! फाईलमध्ये कुठेही मिलिमीटर की मीटर की इंच हे सांगायची सक्ती नाही. वरची ७.८५-९ ही घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्ये आहे, कारण लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतलं की वस्तुमान टनातच घ्यावं लागतं, नाहीतर गणिताचा मेळ बसत नाही. सॉल्व्हरला याचं सोयरसुतक नसतं. त्याला फक्त आकडे दिसतात. चुकीच्या एककात दिलंत तरी रंगीबेरंगी चित्र तितक्याच सुंदर रंगांत येतं. एकक असतं ते ई-मेलमध्ये, किंवा मग त्या टीममधल्या जुन्या माणसाच्या डोक्यात. तो नोकरी सोडून गेला की गेलं.

आता आकाराच्या बाजूला येऊ. तिथली कथा वेगळी आहे, कारण तिथे ठरवून, सभा घेऊन फॉरमॅट बनवला गेला.

१९७० च्या दशकाच्या शेवटी प्रत्येक कॅड कंपनीचा स्वतःचा संगणक, स्वतःचा स्क्रीन आणि स्वतःची फाईल असायची. ग्राहकाने एकदा एकाकडून घेतलं की तो अडकला. विक्रेत्यांना यात दुःख वाटायचं काही कारण नव्हतं. १९७९ च्या शरदात सोसायटी ऑफ मॅन्युफॅक्चरिंग इंजिनियर्सच्या एका सभेत जनरल इलेक्ट्रिकच्या माणसाने व्यासपीठावर बसलेल्या कॅड विक्रेत्यांना सरळ आव्हान दिलं, की तुमच्या सिस्टिम्स एकमेकींशी बोलतील अशी सोय करा. मागे संरक्षण खातं होतं, नासा होती, म्हणजे त्या काळातली सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं. त्यांच्यासमोर 'नाही' म्हणणारा पहिला कोण होणार? बोइंग आणि जीई दोघांकडे आपापला घरगुती फॉरमॅट तयार होता, त्यांच्या आधारावर नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या पुढाकाराने काम झालं आणि जानेवारी १९८० मध्ये पहिली आवृत्ती छापून आलीसुद्धा. नाव इनिशियल ग्राफिक्स एक्स्चेंज स्पेसिफिकेशन, लघुरूप आयजेस. 'इनिशियल' म्हणजे सुरुवातीपुरतं. हे 'सुरुवातीपुरतं' प्रकरण १९९६ च्या ५.३ आवृत्तीपर्यंत चाललं आणि त्यातल्या फाईली अजून येतात.

आयजेसचं स्पेसिफिकेशन वाचताना मला ८० कॉलम पुन्हा भेटले. १ ते ७२ मध्ये माहिती, ७३ व्या कॉलमात विभागाचं अक्षर, ७४ ते ८० मध्ये अनुक्रमांक. अनुक्रमांक कशाला, तर कार्डांचा गठ्ठा हातातून पडून विखुरला तर परत लावता यावा म्हणून ही फोरट्रानच्या जमान्यातली सवय. त्यात शब्द लिहायचा तर आधी त्यातली अक्षरं मोजायची. 'बोल्ट' इंग्रजीत लिहिला तर चार अक्षरं, म्हणून आधी ४, मग एच, मग शब्द. एच म्हणजे हॉलरिथ, ज्यांनी १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी पंच कार्डाचं यंत्र केलं ते.

पण आयजेसचं खरं दुखणं कॉलमांचं नव्हतं, आणि इथे जरा थांबावंच लागेल, कारण क्लीन-अप करणाऱ्या पोरांचे तास नेमके इथे जातात.

गाडीचं बॉनेट आणि फेंडर असे दोन वक्र सरफेस एकमेकांना भेटतात. भेटतात ती रेषा गणिताने काढायची. दोन्ही सरफेस साधे बायक्युबिक असले, म्हणजे कॅडमध्ये रोज वापरतात तसले, तर प्रत्येकाचं समीकरण १८ व्या घाताचं होतं, आणि दोघांच्या छेदाचा वक्र १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ व्या घाताचा. ३२४! असा वक्र कुणी साठवत नाही, साठवून उपयोगही नाही. मग प्रत्येक कॅड सॉफ्टवेअर काय करतं, तर त्याच्या जवळपास जाणारा एक सोपा वक्र काढतं आणि म्हणतं की या दोन कडा इतक्या इतक्या अंतरात आहेत, म्हणजे चिकटलेल्याच आहेत असं समजा. या 'इतक्या'ला टॉलरन्स म्हणतात. म्हणजे कॅड मॉडेलमध्ये सगळीकडे बारीक फटी असतातच. सॉफ्टवेअर आपल्या हिशेबाने त्यांच्याकडे काणाडोळा करतं, एवढंच.

आता ही फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. कॅटिया व्ही५ चा टॉलरन्स एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पॅरासॉलिडचा मीटरचा दहा कोटीवा भाग, म्हणजे त्याच्या शंभर पट बारीक. एकाने 'चिकटलंय' म्हटलेली कड दुसऱ्याला दरी वाटते. भर म्हणजे आयजेसच्या बहुसंख्य फाईलींत सरफेस सुटे सुटेच यायचे. कोणता कोणाचा शेजारी ही माहितीच नाही. (पूर्ण घन वस्तूची सोय नंतरच्या आवृत्त्यांत आली, तोवर सुट्या सरफेसची सवय जडून गेली होती.) घेणाऱ्याने कडा चाचपून सरफेस शिवायचे. टाका कुठे सुटला की तिथे मेश फाटते, किंवा केसाएवढ्या अरुंद पट्टीत लाखभर सूक्ष्म घटक भरते. मग कुणीतरी माउस घेऊन तिथे झूम करायचं, पट्टी काढायची, कड ओढून जोडायची. हे दिवसाला शेकडो वेळा.

यात निर्यात करणाऱ्याचा दोष नसतो, आयात करणाऱ्याचाही नसतो. फॉरमॅटने वक्र नेला, पण 'हे दोघे चिकटलेले समज' हा मूळ डिझाइनरचा शब्द नेला नाही.

फॉरमॅटबाहेरचा तोडगा मात्र लोकांनी शोधलाच. तटस्थ फॉरमॅटच्या नादी न लागता थेट भूमितीच्या इंजिनाची, म्हणजे कर्नलची फाईल द्यायची. १९७४ मध्ये केंब्रिजमधल्या चौघांनी शेप डेटा नावाची कंपनी काढली, तिच्यातून पुढे पॅरासॉलिड आलं. त्या चौघांपैकी अ‍ॅलन ग्रेयर, चार्ल्स लँग आणि इयन ब्रेड यांनी नंतर बाहेर पडून एसिस नावाचा दुसरा कर्नल लिहिला. नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून: अ‍ॅलन, चार्ल्स, इयन आणि सिस्टिम. म्हणजे जगातल्या दोन प्रमुख कर्नलांचे बाप बरेचसे तेच. आणि व्यवहार बघा: सॉलिडवर्क्स दसॉल्टचं, पण ते चालतं प्रतिस्पर्धी सीमेन्सच्या पॅरासॉलिडवर. दोन्ही टोकांना तोच कर्नल असेल तर भाषांतरच नको, म्हणून टाकेही सुटत नाहीत. समित्यांनी जे दहा वर्षांत साधलं नाही ते लायसन्सच्या करारांनी बरंचसं साधलं, हे मला आवडत नसलं तरी खरं आहे.

समित्याही गप्प नव्हत्या. फ्रान्सने 'सेट' काढलं, जर्मनीच्या मोटारवाल्यांनी व्हीडीए-एफएस काढलं, आणि अशी आणखी पाच-पन्नास व्हायच्या आत १९८४ मध्ये आयएसओने सूत्रं हातात घेतली. त्यातून आलेलं 'स्टेप', आयएसओ १०३०३, पहिल्यांदा प्रसिद्ध व्हायला १९९४ उजाडलं. दहा वर्षं! पण काम चांगलं झालं. शेजारी कोण ते त्यात नीट लिहिता येतं, एकक सांगावं लागतं, अचूकता किती धरली होती तेही नोंदवता येतं. कारखान्या-कारखान्यांतली आकाराची देवाणघेवाण आता बव्हंशी स्टेपवर चालते.

सिम्युलेशनसाठीही स्टेपचा एक भाग आहे, एपी २०९. २००१ मध्ये आला, २०१४ मध्ये त्याची मोठी सुधारित आवृत्ती निघाली. आकार, मेश, भार, निकाल, सगळं एकत्र आणि एकमेकांशी जोडलेलं. कागदावर बघाल तर नॅस्ट्रानच्या कार्डांपेक्षा शंभर पटींनी शहाणं. रोजच्या कामात मात्र कार्डंच दिसतात. माझ्या मते कारण आळस हे नाही. आकाराबाबत सगळ्यांचं एकमत होऊ शकतं, वर्तुळ सगळ्यांचं सारखंच असतं. पण सॉल्व्हरमधला चार बिंदूंचा पातळ पत्र्याचा घटक घ्या. नॅस्ट्रानमध्ये त्याला सीक्वाड४ म्हणतात, दुसऱ्याकडे दुसरं नाव. दोघांचे कोपरे चारच, जाडी तीच, पोलाद तेच. आत मात्र वाकण्याचं आणि कातरण्याचं गणित कुणी कसं मांडलंय ते वेगळं, आणि कंपनीचा धंदा त्या वेगळेपणावरच चालतो. तुम्ही एक अक्षर न हरवता फाईल बदललीत तरी उत्तर थोडं वेगळं येणार. जे उत्तर आधीच्या प्रयोगाशी ताडून घेतलेलं असतं ते त्या कार्डांचं त्या सॉल्व्हरमधलं. म्हणून लोक कार्डं सोडत नाहीत.

याची किंमत किती? अमेरिकेच्या एनआयएसटीने १९९९ मध्ये करवून घेतलेल्या अभ्यासात एकट्या अमेरिकन मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीत अशा न जुळणाऱ्या फाईलींपायी वर्षाला किमान १ अब्ज डॉलर जातात असा हिशेब निघाला. आकडा मोठा आहे, पण तो दिसत नाही, कारण तो हजारो माणसांच्या टेबलांवर तास-दोन तासांनी वाटून गेलाय.

दिसला तो एकदाच, एअरबस ए३८० मध्ये. हे सिम्युलेशनचं नव्हे, वायरिंगचं प्रकरण, पण आजार तोच. हॅम्बुर्गची मंडळी कॅटिया व्ही४ वर काम करत होती, तुलूझची व्ही५ वर. कंपनी तीच, सॉफ्टवेअरचं नावही तेच! एका विमानात जवळपास ५३० किलोमीटर वायर. वाटेतले बदल एकीकडून दुसरीकडे धड पोचले नाहीत. हॅम्बुर्गहून जुड्या बांधून आलेल्या वायरी तुलूझला विमानात घालायला घेतल्या तर ठरल्या जागी पोचेनात. २००६ च्या जूनमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये उशीर जाहीर झाला. ऑक्टोबरच्या घोषणेत २०१० पर्यंतच्या नफ्याला ४.८ अब्ज युरोंचा फटका धरला होता. त्या एका वर्षात आधी गुस्ताव हुंबर्ट आणि मग तीन-एक महिन्यांत क्रिस्टियन श्ट्राइफ असे एअरबसचे दोन प्रमुख गेले. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये. फेब्रुवारी २००७ च्या 'पॉवर८' योजनेत १०,००० नोकऱ्या कमी करायचं ठरलं. डॉलरचा घसरलेला भाव वगैरे बाकीची कारणंही त्यात होती, पण वायरींनी सुरुवात करून दिली होती.

विमान कंपन्यांनी त्यानंतर लोटार नावाच्या संयुक्त प्रकल्पावर बराच जोर दिला. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं, सॉफ्टवेअरची आवृत्ती पाच-सात वर्षांत मागे पडते, तेव्हा आज साठवलेलं मॉडेल तेव्हा कसं उघडायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी आधार धरलाय स्टेपचा, आणि त्यात आता सिम्युलेशनची मॉडेलंही घ्यायचं काम एपी २०९ वर चालतं.

नासाने आपल्या जुन्या नॅस्ट्रानचा, नॅस्ट्रान-९५ चा सोर्स कोड गिटहबवर टाकून दिलाय. सगळा फोरट्रान, सातव्या कॉलमापासून सुरू होणारा, ७२ व्या कॉलमाला थांबणारा. पुढच्या शनिवारी वेळ असेल तर त्यातल्या नमुन्याच्या इनपुट फाईली साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. 'ग्रिड', मग रिकामी जागा, मग आठव्या कॉलमानंतर क्रमांक. तुमच्या ऑफिसात काल कुणीतरी एक्स्पोर्ट केलेल्या फाईलमध्येही ओळ अशीच दिसेल.